चंद्रनाथ पर्वत (पारोडा)

दक्षिण गोव्यात केपे तालुक्यातल्या पारोडा गावाजवळचा डोंगर, उंची साधारण ३५० मीटर. माथ्यावर चंद्रेश्वर भूतनाथाचं देऊळ. आसपासचे लोक नुसतं 'पर्वत' म्हणतात, कोकणीत 'पर्वतार वचपाचें' (पर्वतावर जायचंय) म्हटलं की कुठला पर्वत ते विचारावं लागत नाही. मडगावहून केपेच्या रस्त्याने बारा-चौदा किलोमीटर, त्यामुळे सकाळी चढून जेवायला घरी परत येता येतं, आणि बरेच मडगावकर तसंच करतात.

सगळ्यात जास्त वाद आहे तो नावाचा. डोंगराच्या उत्तरेला कुशावती नदीकाठी चांदर गाव आहे, म्हणजे जुनं चंद्रपूर. फोंडा तालुक्यात शिरोड्याला सापडलेला देवराज राजाचा ताम्रपट 'चंद्रऊर' इथून दिलेला आहे. त्यावर वर्ष नाही, पण अक्षरांच्या वळणावरून तो इसवी सनाच्या चौथ्या शतकाच्या आसपासचा धरतात. आधीच्या वाचनात हा राजा गोमिन घराण्यातला ठरवला होता, नंतर तिथे 'भोज' असं वाचलं गेलं आणि आता तेच मान्य आहे. चंद्रऊर म्हणजे चांदर हेही बहुतेकांना पटतं, पण देवावरून नगराचं नाव पडलं की नगरावरून देवाचं, इथे मतं फुटतात. चंद्रेश्वर हे भोजांचं कुलदैवत आणि त्यावरूनच राजधानीचं नाव, ही मांडणी लोकप्रिय आहे, मात्र ताम्रपट राजधानीबद्दल बोलतो, डोंगरावरच्या देवळाबद्दल नाही, म्हणून देवळाला दोन-अडीच हजार वर्षं झाली असं सरळ ठोकून देण्यापेक्षा, स्थान फार जुनं आणि आत्ताची बांधणी बऱ्याच नंतरची, एवढंच म्हणणं जास्त बरोबर वाटतं. पुढे नव्या काबिजादीत, म्हणजे पोर्तुगीजांनी नंतर जिंकलेल्या मुलखात, चंद्रवाडी नावाचा महाल होता, तेही नाव याच कुळातलं दिसतं.

दुसरा वाद 'संदाबूर'चा. दहाव्या शतकातल्या मसूदीपासून अरब लेखक या किनाऱ्यावर संदाबूर नावाचं ठिकाण सांगतात आणि उच्चार जवळचा म्हणून काही अभ्यासकांनी ते चंद्रपूरच असं मानलं. कदंब राजे अकराव्या शतकाच्या सुरुवातीला चंद्रपुरात होते आणि शतकाच्या मध्याला जयकेशी पहिल्याच्या काळात राजधानी गोपकपट्टणला (आजचं गोवा वेल्हा) हलली असं साधारण धरतात, तेव्हा काळ जुळतो हे खरं. पण चौदाव्या शतकात होन्नावरच्या सुलतानासोबत स्वारीवर आलेला इब्न बतूता संदाबूरला बेट म्हणतो आणि त्यात छत्तीस गावं मोजतो, चांदर काही बेट नाही. हे वर्णन मांडवी आणि झुवारी नद्यांमधल्या तिसवाडी बेटाला जास्त लागू पडतं, निदान इब्न बतूताच्या वेळचं संदाबूर तरी तिकडेच शोधायला हवं. चांदरात आज देवळाच्या जोत्याचे अवशेष आणि मुंडकं तुटलेला नंदी आहे, तो बघून मग डोंगर चढलात तर हे सगळं पुस्तकातलं राहत नाही, म्हणून दोन्ही एकाच दिवशी करावं असं मनापासून सुचवतो.

पौर्णिमेला चंद्रप्रकाश थेट गाभाऱ्यात पडतो आणि लिंगाला पाझर फुटतो अशी आख्यायिका आहे, चंद्रेश्वर या नावाचा लोकांमधला अर्थ तोच. शेजारी भूतनाथ, म्हणून देवाचं नाव जोडीने घेतात.

चढ सोपा आहे. डांबरी रस्ता देवळाच्या बराच जवळ जातो, उरलेल्या पायऱ्या, पण पायथ्यापासून चालतच जावं कारण झाडी दाट आहे आणि ऊन लागायच्या आत निघालं तर लहान मुलं आणि वयस्कर माणसंसुद्धा थांबत थांबत आरामात चढतात. वरून पश्चिमेला सासष्टीची शेतं, माडांची भाटं (बागा) आणि हवा स्वच्छ असली तर समुद्राची रेघ दिसते. सोमवारी आणि जत्रेला गर्दी असते. माकडं आहेत, खाऊ पिशवीत ठेवावा आणि प्लास्टिक परत खाली आणावं.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसात दगडांवर शेवाळ धरतं आणि कुशावतीला पूर आला की पारोड्याचा रस्ता पाण्याखाली जातो, तेव्हा मडगावहून निघण्याआधी रस्ता चालू आहे का ते विचारून घ्यावं.