माळढोकाचं रान कुठे गेलं?

सोलापूरच्या माळढोकाचा विषय निघाला की गाडी शिकारीवर येऊन थांबते. शिकार झालीच, पण 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतरही पक्षी घटतच गेला. त्याचं उत्तर पीकपद्धतीत शोधावं लागतं.

माळढोक निव्वळ गवतावर जगत नाही. नाकतोडे, भुंगेरे, ज्वारी, भुईमूग यांसाठी तो कोरडवाहू रानात उतरतो. रब्बी ज्वारीची रानं पावसाळ्यात पडून असत आणि त्याची वीणही त्याच महिन्यांत. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते. आजूबाजूला लांबवर दिसत असेल, तरच तिला ती जागा चालते.

1979 साली सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत 8,496 चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं. आकडा डोळे दिपवणारा. पण त्यात गावं, बाजारपेठा आणि हजारो शेतकऱ्यांचे सातबारे आले. जमिनीचा व्यवहार अडला, बांधकाम अडलं आणि राग निघाला तो पक्ष्यावर. तीन दशकांनी न्यायालयाच्या परवानगीने ही हद्द सुमारे 1,222 चौरस किलोमीटरवर आली. पक्षीप्रेमींना तो घात वाटला, गावकऱ्यांना सुटका. माझ्या मते मूळ आखणीच चुकली होती. खाजगी रानात काय पेरायचं यावर त्या हद्दीचा अंमल कधीच नव्हता, आणि भांडण मात्र नकाशावरच्या रेषेचं होत राहिलं.

दरम्यान 1980 मध्ये उजनी धरण पूर्ण झालं. कालवे फिरले तिथे ज्वारी मागे हटून ऊस आला. वर्षभर उभ्या, डोक्याच्यावर गेलेल्या पिकात हा चालणारा, जडशीळ पक्षी शिरत नाही. 1990 पासून रोजगार हमीतून फळबागांना अनुदान मिळू लागलं. सांगोल्याकडे डाळिंबं लागली, तारेची कुंपणं आली. उरलेल्या माळांना सरकारी भाषेत 'पडीक' म्हणत. तिथे ग्लिरिसिडिया हे झपाट्याने वाढणारं परदेशी झाड लावून हिरवळ दाखवली गेली, म्हणजे गवतही गेलं. पुढे विजेच्या तारा आल्या. समोरचं नीट न दिसणारा हा पक्षी त्यांवर आदळून मरतो.

पाण्यामागे दुसरे पक्षी आले. गायबगळे, वंचक कालव्यांच्या कडेने पसरले, उसात भारद्वाज स्थिरावला. पक्ष्यांच्या नुसत्या याद्या पाहिल्या तर रान समृद्ध झाल्यासारखंच वाटतं. अभयारण्यातल्या, सोलापूरजवळच्या नान्नजला काळवीट भरपूर दिसतात; माळढोकाच्या नोंदी मात्र एकेकट्या पक्ष्यावर आल्या.