सिमलिंकला डिरेक्टरी म्हणायचे का?

सिमलिंक म्हणजे दुसऱ्या फाइलीकडे किंवा डिरेक्टरीकडे (फोल्डरकडे) बोट दाखवणारा दुवा. १९८३ च्या ४.२ बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीसोबत सिमलिंक सर्वदूर पोहोचल्या. त्यांची चौकशी करणारी फंक्शन्स दोन, एक युनिक्समध्ये आधीपासूनचे आणि दुसरे ४.२ बीएसडीतले: ‘स्टॅट’ दुव्यामागे जाऊन खऱ्या वस्तूची माहिती आणते, ‘एलस्टॅट’ दुव्यापाशीच थांबते. पुढचा सगळा घोळ या जोडीतून निघाला, कारण वरच्या पातळीवरच्या प्रोग्रॅमिंग भाषांनी ‘स्टॅट’च्या उत्तरावर ‘डिरेक्टरी आहे का?’ असे साधे नाव चिकटवले आणि दुवा ओलांडला जातो ही गोष्ट कधी लिहिली, कधी नाही.

पायथन भाषेतले ‘डिरेक्टरी आहे का?’ विचारणारे ‘इजडिर’ दुवा ओलांडते. त्यामुळे एकाच पाथसाठी (फाइलीच्या पत्त्यासाठी) ‘इजडिर’ आणि ‘सिमलिंक आहे का?’ विचारणारे ‘इजलिंक’ दोन्ही खरे येऊ शकतात, आणि दस्तऐवजात तसे स्पष्ट लिहिलेले आहे. रस्ट भाषेत मात्र पाथला विचारले तर दुवा ओलांडला जातो, पण डिरेक्टरीच्या यादीतल्या नोंदीचा प्रकार विचारला तर नाही. जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडमध्येही यादीतून आलेली नोंद सिमलिंक असेल तर ‘इजडिरेक्टरी’ खोटे सांगते. यादी वाचतानाच प्रकार हाती येतो, प्रत्येक नोंदीसाठी वेगळा ‘स्टॅट’ करावा लागत नाही. वेग हवा म्हणून हा फरक पडला.

खरा वाद आहे ‘वॉक’चा, म्हणजे डिरेक्टरीत खोलवर फिरून आतल्या डिरेक्टऱ्यांची आणि फाइलींची वेगवेगळी यादी देणाऱ्या फंक्शनचा. २००३ मध्ये पायथन २.३ सोबत आलेले ‘ओएस.वॉक’ डिरेक्टरीकडे नेणारी सिमलिंक डिरेक्टऱ्यांच्या यादीत घालते, पण तिच्या आत उतरत नाही. उतरायची सोय २००८ मध्ये २.६ ने दिली. या रचनेत सगळे पुसून टाकणारा साधा कोड अडतो: डिरेक्टऱ्यांच्या यादीतले प्रत्येक नाव डिरेक्टरी पुसणाऱ्या ‘आरएमडिर’कडे गेले, की सिमलिंकवर चूक येते, कारण सिमलिंक ही डिरेक्टरी नव्हेच. दस्तऐवजातल्या उदाहरणाने ‘सिमलिंक नाहीत असे गृहीत धरून’ अशी टीप देऊन वाट काढली.

२०२३ च्या ३.१२ मध्ये ‘पाथ.वॉक’ आले, आणि दुवे ओलांडायचे नसतील तर त्याने हीच सिमलिंक फाइलींच्या यादीत टाकली. मला हा निर्णय पटतो. ज्यात उतरायचे नाही ते डिरेक्टऱ्यांत कशाला? पुसण्याचा कोडही सरळ होतो, फाइल किंवा दुवा पुसणारे ‘अनलिंक’ केले की दुवा जातो आणि मूळ डिरेक्टरी शाबूत राहते. पण यादीतली प्रत्येक फाइल उघडून वाचणारा कोड ‘ओएस.वॉक’वरून इथे आणला, तर ‘ओपन’ दुव्यामागे जाते आणि समोर डिरेक्टरी येते, म्हणजे पुन्हा चूक. दोन्ही रचनांत त्रास कुणाला तरी आहेच. म्हणून दस्तऐवजातले ‘ओएस.वॉकपेक्षा वेगळे’ हे एक वाक्य मला अख्ख्या पानाइतके मोलाचे वाटते. ते वाचल्याशिवाय कोड हलवू नये.

‘फाइल’ हा शब्दही इथे ताणला जातो. युनिक्सच्या अर्थाने डिरेक्टरीसुद्धा फाइलच. ‘इजफाइल’ साधी फाइल शोधते. आणि ‘पाथ.वॉक’च्या यादीत फाइल म्हणजे जिच्यात उतरायचे नाही अशी कोणतीही नोंद.

विंडोजवर जंक्शन हा डिरेक्टरीकडे नेणाऱ्या दुव्याचा आणखी एक प्रकार आहे. पायथनचे ‘इजलिंक’ जंक्शनला सिमलिंक मानत नाही, त्यासाठी ३.१२ मध्येच ‘इजजंक्शन’ आले. २०२४ च्या ३.१३ मध्ये पाथच्या ‘इज_डिर’ला दुवा ओलांडायचा की नाही हे ठरवणारे पॅरामीटर मिळाले, मात्र काही न सांगितल्यास उत्तर अजूनही ‘ओलांडा’ हेच आहे.