फुफ्फुसासाठी स्टेम सेल ट्रायल : नाव कसं घालायचं, कागद काय लागतात

घरात सीओपीडी (श्वासनळ्या अरुंद होऊन कायम दम लागणं) किंवा फायब्रोसिसचा (फुफ्फुस कडक होत जाणं) पेशंट असला की व्हॉट्सॲपवर कुणीतरी पाठवतंच, स्टेम सेलने (ज्यांच्यापासून दुसऱ्या पेशी तयार होतात त्या मूळ पेशींनी) फुफ्फुस नवीन होतं म्हणून. रक्ताच्या काही आजारांत बोन मॅरो ट्रान्सप्लांट, म्हणजे स्टेम सेलचाच, हा मान्य उपचार आहे, पण फुफ्फुसासाठी तशी मान्यता नाहीये. वायुकोशांत (फुफ्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांत) टाइप 2 नावाच्या पेशी असतात, त्या झीज भरून काढतात, त्यांना जागं कसं करायचं यावर जगभर काम चाललंय पण ते अजून संशोधनच. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या 2017 च्या गाइडलाइनप्रमाणे असा प्रयोग रीतसर ट्रायलमध्येच (परवानगी घेऊन पेशंटवर केलेल्या चाचणीत) करता येतो आणि त्याचे पेशंटकडून पैसे घेता येत नाहीत. कुणी लाखांचं पॅकेज सांगितलं तर सरळ उठून या.

आता अर्ज. सरकारकडे फॉर्म वगैरे भरायचा नसतो. सीटीआरआय या ट्रायलच्या सरकारी नोंदवहीच्या साइटवर (सीटीआरआय डॉट एनआयसी डॉट इन) आजाराचं नाव इंग्रजीत टाकून शोधायचं, भारतातल्या ट्रायलची नोंदणी तिथे 2009 पासून सक्तीची आहे. पान उघडलं की रिक्रूटमेंट स्टेटस 'ओपन' आहे का, एथिक्स कमिटी (पेशंटचं हित बघणारी समिती) 'अप्रूव्ड' दिसते का आणि डीसीजीआयची (केंद्राच्या औषध नियंत्रकाची) परवानगी आहे का एवढं बघा, मग तिथेच पब्लिक क्वेरीसाठी दिलेल्या नंबरवर फोन करा. नोंदणी नंबर आहे म्हणजे औषध लागू पडतं असं मात्र नाही हां, लोक इथेच फसतात.

पात्रता प्रत्येक ट्रायलची वेगळी, त्याच पानावर इन्क्लूजन-एक्स्क्लूजनमध्ये (कुणाला घेतात, कुणाला नाही) लिहिलेली असते : वय, पीएफटीचे (फुंकून करायच्या फुफ्फुसाच्या तपासणीचे) आकडे, कॅन्सर किंवा चालू टीबी आहे का असं सगळं. सिगारेट-बिडी चालू असेल तर बऱ्याच ठिकाणी घेत नाहीत, आणि खरं सांगायचं तर फुफ्फुस वाचवायला ती सोडण्याइतकं स्वस्त औषध आजही दुसरं नाही (तंबाखू सोडायची हेल्पलाइन 1800-11-2356, फोन फुकट आहे).

सोबत आधार, पीएफटी आणि एचआरसीटीचे (छातीच्या बारकाईच्या सीटी स्कॅनचे) रिपोर्ट, जुनी डिस्चार्ज कार्डं आणि चालू औषधांची चिठ्ठी न्या, एचआरसीटीची नुसती फिल्म नको, सीडीपण घ्या. बाकी तपासण्या ट्रायलवाले स्वतः करतात.

संमतीपत्र मराठीत मागा, घरी नेऊन वाचा, घाई करत असतील तर सही करू नका. सही केलेली एक प्रत तुम्हाला मिळालीच पाहिजे. ट्रायलमुळे काही इजा झाली तर 2019 च्या नियमांप्रमाणे उपचार फुकट आणि भरपाईही आहे, आणि मधेच सोडायचं ठरवलं तर कारण द्यावं लागत नाही. येण्याजाण्याचा खर्च देतात का ते फोनवरच विचारून ठेवा.