प्रमाण विचलनाचा भाजक : शिक्षकांच्या स्प्रेडशीट-शिक्षणाची पार्श्वभूमी

पहिली स्प्रेडशीट १९७९ साली बाजारात आली, लोटस १-२-३ ही १९८३ मध्ये आणि एक्सेल १९८५ मध्ये. सोलापूरच्या शाळांमध्ये मात्र त्यानंतरही बराच काळ निकालपत्रक आखीव कागदावर आणि कॅल्क्युलेटरच्या आधारानेच तयार होत असे. डी.एड. आणि बी.एड.च्या वर्गांत ताळ्याच्या खुणा, वर्गांतरे आणि गृहीत मध्यमानाची रीत शिकवली जाई. ती रीत मुळात हाताने करायच्या आकडेमोडीचे कष्ट वाचवण्यासाठी होती. यंत्र आल्यावर तिची गरज सरली, तरी प्रश्नपत्रिकेतले तिचे स्थान टिकून राहिले.

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात एमएससीआयटी या संगणक-साक्षरता अभ्यासक्रमामुळे बेरीज, सरासरी आणि क्रमवारी लावणे शिक्षकांच्या हाती आले. पुढे २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात आकारिक (शिकताना वेळोवेळी मिळालेल्या) आणि संकलित (सत्राअखेरच्या) गुणांवरून श्रेणी काढावी लागू लागली. त्यासाठी तयार फाइली आधी पेन ड्राइव्हमधून आणि नंतर व्हॉट्सॲपवरून हातोहात फिरल्या. शाळा-विद्यार्थ्यांची माहिती ऑनलाइन भरण्याच्या २०१५ च्या सरल प्रणालीने रकाने अचूक भरण्याची शिस्त आणली. या साऱ्या वाटचालीत स्प्रेडशीट माहिती भरण्याचे साधन म्हणूनच शिकली गेली, सांख्यिकीचे साधन म्हणून नव्हे, आणि आजच्या अडचणींचे मूळ माझ्या मते येथेच आहे.

प्रमाण विचलन म्हणजे गुण मध्यमानाभोवती (सरासरीभोवती) किती पसरले आहेत याचे माप. त्याच्या भाजकावरून ही अडचण सर्वांत स्पष्ट दिसते. समजा, आठ विद्यार्थ्यांना २, ४, ४, ४, ५, ५, ७ आणि ९ गुण मिळाले. मध्यमान ५ येते आणि विचलनांच्या वर्गांची बेरीज ३२. तिला ८ ने भागून वर्गमूळ काढले तर उत्तर २ येते. ७ ने भागले तर सुमारे २.१४. पाठ्यपुस्तकाच्या रीतीने सोडवणारा शिक्षक पहिले उत्तर काढतो, एक्सेलमधील साधे ‘एसटीडीईव्ही’ दुसरे देते, आणि मग चूक कोणाची यावर शिक्षक-खोलीत वाद होतो. चूक कोणाचीच नसते. जेवढ्या मुलांबद्दल बोलायचे आहे तेवढ्या सगळ्यांचे गुण हाती असतील, तर एकूण संख्येनेच भागावे. काही मुलांच्या नमुन्यावरून मोठ्या गटाविषयी अनुमान करायचे असेल, तर संख्येतून एक वजा करून भागावे, कारण नमुन्यातील विचलने नमुन्याच्याच मध्यमानापासून मोजली जातात आणि म्हणून त्यांच्या वर्गांची बेरीज थोडी कमी भरते.

गोंधळात भर घातली ती नावांनी. लोटसमधील साधे सूत्र एकूण संख्येने भागत असे, तर एक्सेलमधील साधे सूत्र एक वजा करून. एक्सेलच्या २०१० च्या आवृत्तीत ‘.एस’ (नमुन्यासाठी) आणि ‘.पी’ (संपूर्ण गटासाठी) अशी वेगळी नावे आली, परंतु जुन्या फाइली चालत राहाव्यात म्हणून जुनी सूत्रेही ठेवण्यात आली, आणि आपल्याकडे फिरणाऱ्या फाइली बहुधा जुन्याच असतात. चाळीस मुलांच्या वर्गात दोन उत्तरांतला फरक सव्वा टक्क्याच्या आसपास असतो, त्यामुळे तो सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. दहा-बारा मुलांवरील कृतिसंशोधनात, म्हणजे शिक्षकाने स्वतःच्या वर्गातल्या अडचणीवर केलेल्या छोट्या अभ्यासात, मात्र तो ठळक दिसतो. कृतिसंशोधनात एकच भाजक सक्तीचा करणारी मार्गदर्शक टिपणे शिक्षकाचे नुकसान करतात, कारण आपण कोणाविषयी बोलत आहोत हा प्रश्न त्याला स्वतःला विचारावाच लागत नाही.

गैरहजेरीचेही असेच आहे. रिकामा रकाना किंवा ‘गैर’ हा शब्द सरासरीचे सूत्र वगळते, शून्य मात्र मोजते. त्यामुळे गैरहजर मुलापुढे शून्य भरले की वर्गाची सरासरी विनाकारण खाली येते. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू माध्यमांच्या शाळा असलेल्या या शहरात नावांचा रकाना कोणत्याही लिपीत असो, आणि उर्दूसाठी पान उजवीकडून डावीकडे वळवलेले असो, गुणांच्या रकान्यातला हा नियम बदलत नाही. २०२० च्या टाळेबंदीत गूगल फॉर्मवरच्या चाचण्यांची उत्तरे थेट स्प्रेडशीटमध्ये जमा होऊ लागली. तयार चौकट नसलेली, कच्ची माहिती अनेक शिक्षकांसमोर प्रथमच आली, आणि सूत्र स्वतः लिहिण्याचे शिक्षण खऱ्या अर्थाने तेव्हा सुरू झाले.