गोळी चालू आहे, गोळी सोडली

केमिस्टच्या काउंटरवर कात्री असते. गिऱ्हाईक म्हणतं, "सध्या पाचच द्या, बाकीच्या पगार झाल्यावर नेतो," आणि तो स्ट्रिपमधून पाच गोळ्या कापून देतो. एक्स्पायरीची तारीख बहुतेक वेळा दुकानातल्या तुकड्यावरच राहते. बीपीची गोळी लोक मधेच का सोडतात, याचं एक उत्तर त्या कात्रीत आहे. पण एकच. कारखान्यात, कामाच्या वेळेत डॉक्टरांची सोय असूनही माणसं गोळी घेईनात, हे पन्नास वर्षांपूर्वीच मोजून झालंय.

तिथवर येण्याआधी थोडं मागे जायला हवं, कारण सुरुवातीला सोडायला गोळीच नव्हती. कोरोत्कोव्ह या रशियन डॉक्टरने 1905 मध्ये दंडाला पट्टा बांधून, स्टेथोस्कोपने आवाज ऐकून रक्तदाब मोजायची रीत दाखवली. उपाय मात्र पुढची चाळीसेक वर्षं जेमतेमच होते. मग एक औषध आलं ते आपल्याच मातीतून. सर्पगंधेची मुळी आपल्याकडे वैद्य पूर्वापार वापरत. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी 1931 मध्ये तिच्यावर लिहिलं होतं, पण जगाचं लक्ष गेलं ते मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांच्यामुळे. केईएम रुग्णालयाशी जोडलेल्या या हृदयरोगतज्ज्ञाचा 50 रुग्णांवरचा अभ्यास 1949 मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये आला. तीन वर्षांत स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने त्या मुळीतून रेसरपिन वेगळं काढलं, आणि 1957 मध्ये वकिलांना वैद्यकीय संशोधनासाठीचा अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. रेसरपिनने दाब उतरायचा, पण नाक चोंदायचं, आणि काहींचं मन इतकं खचायचं की औषध बंद करावं लागे. मुळात काही होत नसलेल्या माणसाला औषधाने त्रास व्हायला लागणं, ही बीपीच्या उपचाराची अडचण पहिल्या दिवसापासूनची आहे.

उपचाराचा खरंच फायदा होतो का, हे पक्कं झालं ते 1967 मध्ये. एडवर्ड फ्राइस यांनी अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत 143 पुरुषांवर चाचणी केली. खालचा दाब 115 ते 129 असलेली ही मंडळी. निम्म्यांना खरी औषधं (त्यात आपलं रेसरपिनही होतं), निम्म्यांना बिनऔषधाच्या गोळ्या. गंभीर आघात दुसऱ्या गटात 27 जणांना झाले, पहिल्या गटात 2. आकडे इतके ठसठशीत होते की वाद उरला नाही. पण या चाचणीतली एक बारीक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. सुरुवातीच्या तपासणीच्या काळात गोळ्यांत रायबोफ्लेविन, म्हणजे बी-2 जीवनसत्त्व, मिसळलेलं होतं. गोळी घेतली असेल तर लघवी अतिनील दिव्याखाली चमकायची. जे गोळ्या नीट घेत नव्हते ते चाचणीआधीच बाद. म्हणजे औषधाचा पुरावा उभा राहिला तो चाळून घेतलेल्या, शिस्तीच्या माणसांवर.

न चाळलेल्या माणसांचं काय होतं, हे कॅनडातल्या हॅमिल्टनमध्ये दिसलं. मॅकमास्टर विद्यापीठाचे डेव्हिड सॅकेट आणि ब्रायन हेन्स यांनी तिथल्या पोलाद कारखान्यातले उच्च रक्तदाबाचे 230 कामगार घेतले. काहींना कारखान्यातल्या डॉक्टरांकडे कामाच्या वेळेत जायची मुभा दिली, काहींना नेहमीसारखं आपापल्या डॉक्टरांकडे सुट्टीच्या वेळात. शिवाय, चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड करून, काहींना आजाराचं व्यवस्थित शिक्षण दिलं. 1975 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला. सोयीने फरक पडला नाही. शिकलेल्यांना रक्तदाबाबद्दल पुष्कळ कळलं, पण म्हणून गोळ्या जास्त घेतल्या गेल्या नाहीत. "लोकांना समजावून सांगायला हवं" असं प्रत्येक शिबिरात बोलणाऱ्यांनी हा निकाल एकदा वाचावा.

पुढच्या वर्षी त्यांनी गोळी न घेणाऱ्यांतलेच 38 जण निवडले. त्यातल्या अर्ध्या लोकांना स्वतःचा दाब घरी मोजायला आणि लिहून ठेवायला शिकवलं, गोळी रोजच्या एखाद्या सवयीला जोडून दिली, आणि दर पंधरवड्याला एका व्यक्तीशी त्यांची भेट ठेवली. ती व्यक्ती डॉक्टर नव्हती, नर्सही नव्हती, शाळा संपवलेली एक साधी व्यक्ती होती. सहा महिन्यांत या गटाचं गोळी घेण्याचं प्रमाण 21.3 टक्क्यांनी वाढलं; बाकीच्यांचं किंचित घसरलं. ठरलेल्या गोळ्यांपैकी 80 टक्के घेतल्या तर "नियमित", हा आजही वापरात असलेला उंबरठाही याच हॅमिल्टनच्या कामातून आला.

त्याच कामगारांची 1978 मधली गोष्ट जास्त बोचरी आहे. "तुम्हाला बीपी आहे" हे नव्याने कळलेल्यांची कामावरची गैरहजेरी 80 टक्क्यांनी वाढली, तर एकूण कामगारांची फक्त 9 टक्क्यांनी. गोळीबरोबर माणसाला आजारीपणाचा शिक्काही मिळतो. आपल्याकडे "एकदा सुरू झाली की जन्मभर" म्हणून लोक गोळी टाळतात, तेव्हा ते त्या शिक्क्यालाच टाळत असतात.

मग आल्या चिप बसवलेल्या बाटल्या. झाकण कधी उघडलं ते त्या टिपून ठेवायच्या. अशा 4783 रुग्णांच्या नोंदी 2008 मध्ये प्रसिद्ध झाल्या: वर्षभरात जवळपास निम्म्यांनी औषध सोडलेलं, आणि जे घेत होते तेही कुठल्याही एका दिवशी साधारण दहातली एक गोळी चुकवत होते. डॉक्टरांची तारीख जवळ आली की पुन्हा नियमित. त्यामुळे दवाखान्यातलं रीडिंग ठीक येतं आणि सगळे खूश. अॅम्लोडिपिन हे बीपीचं औषध शरीरात रेंगाळतं, एखादा दिवस हुकला तर निभावतं. क्लोनिडिन हे दुसरं औषध अचानक थांबवलं तर दाब उसळी मारतो. सगळ्या गोळ्यांना एकच माफी नाही.

याच काळात शब्दही बदलला. आधी इंग्रजीत "कम्प्लायन्स" म्हणत, म्हणजे सरळ आज्ञापालन. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2003 च्या अहवालाने "अॅड्हिअरन्स" रूढ केला, ज्यात रुग्णाची संमती धरलेली आहे. मराठीत दोन्हींना नेमका शब्द नाही. आपण म्हणतो, "गोळी चालू आहे", नाहीतर "गोळी सोडली". केसपेपरवर मात्र अजून "इर्रेग्युलर" असा शेराच पडतो.

भारतात सरकारी पातळीवर 2017 मध्ये रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम सुरू झाला, सुरुवातीच्या जिल्ह्यांत आपले सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा होते. पद्धत साधी: ठरलेली मोजकी औषधं, पहिली अॅम्लोडिपिन, एका वेळी महिनाभराच्या गोळ्या, आणि तारीख चुकवणाऱ्याला फोन. 2019 मध्ये दोन औषधं एकाच गोळीत असलेली मिश्रणं जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही आली. गावातल्या उपकेंद्रावर गोळी मिळाली तर तालुक्याची एक एसटी आणि एक बुडालेली मजुरी वाचते. केमिस्टच्या कात्रीचं काम त्याने बरंच कमी होतं. घरी जाऊन "दाब मोजलात का, दाखवा वही" असं विचारणारं कोणी असावं लागतं, ते काम मात्र अजून ज्याच्या त्याच्या सुनेवर किंवा मुलीवरच पडतं.