मानसिक आजारासाठी दिव्यांगत्वाचा दाखला : नाशिक जिल्ह्यात अर्ज करताना

दाखल्यासाठी तपासणी करणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डापुढे जायच्या दिवशी मी धाकट्या भावाची दाढी करून दिली, इस्त्रीचा शर्ट घातला, केसांना तेल लावलं. आत डॉक्टरांनी त्याला विचारलं, "आंघोळ रोज करता?" तो म्हणाला, "हो." "कामधंदा?" "शेतात जातो." मी शेजारी गप्प बसले. परक्या माणसांसमोर त्याचं कशाला काढायचं! पाणी काढून, टॉवेल हातात देऊन चार हाका मारल्यावर तो आंघोळीला उठतो, आणि शेतात जातो म्हणजे द्राक्षबागेच्या बांधावर संध्याकाळपर्यंत बसून राहतो, यातलं मी काहीच सांगितलं नाही. दाखला आला तो चाळीस टक्क्यांच्या खालचा, आणि बहुतेक योजनांना निदान चाळीस लागतात.

चूक माझीच होती. हा दाखला आजाराच्या नावावर मिळत नाही, आजारामुळे रोजचं जगणं किती अडतं त्यावर मिळतो. "स्किझोफ्रेनिया आहे, म्हणजे चाळीस टक्के ठरलेलेच" असं नसतं. "नुसतं डिप्रेशन, त्याला कुठला दाखला" हेही खरं नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि मानसिक आजार त्यातलाच एक. विचार, भावना, जाणीव किंवा स्मरणशक्ती इतकी बिघडली असेल की माणसाला निर्णय घेणं, वास्तव ओळखणं किंवा साधे दैनंदिन व्यवहार सांभाळणं फार अवघड जातं, तर तो या व्याख्येत बसतो. परीक्षेच्या आधी झोप उडते, जवळचं माणूस गेल्यावर महिनाभर मन लागत नाही, अशा त्रासांवर उपचार जरूर घ्यावेत; दाखल्याचा विषय तो नाही.

अर्जात सगळ्यात जास्त घोळ होतो तो प्रकार निवडताना. 'मानसिक आजार' आणि 'बौद्धिक दिव्यांगत्व' हे दोन वेगळे प्रकार आहेत. बुद्धीची वाढ लहानपणापासूनच कमी असेल, तर ते बौद्धिक दिव्यांगत्व. शिकलेला, नोकरी करणारा मुलगा विसाव्या वर्षी आजारी पडला, तर तो मानसिक आजार. आपल्याकडे दोघांनाही सर्रास 'मतिमंद' म्हणून मोकळे होतात आणि कॅफेवाला तोच पर्याय दाबून देतो. याचा फटका पुढे बसतो. उदाहरणार्थ, राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' ही एक लाखाची आरोग्य विमा योजना बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुदिव्यांगत्व यांच्यासाठी आहे; मानसिक आजाराला ती लागू नाही.

मोजणी 'आयडियाज' नावाच्या भारतीय मापनपद्धतीने होते. स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, बोलणं-समजणं आणि काम या चार बाबींना प्रत्येकी ० ते ४ गुण दिले जातात आणि आजार किती वर्षांचा आहे त्याचे गुण वेगळे मिळतात. काम म्हणजे फक्त पगाराची नोकरी नाही. गृहिणीचं घरकाम आणि विद्यार्थ्याचा अभ्यासही त्यात धरतात. "मी काय, घरीच असते" म्हणणाऱ्या बायकांनी हे मुद्दाम लक्षात ठेवावं. कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नाहीत, दूध उतू गेलं तरी कळत नाही, हे कामातलंच अडणं आहे.

कागदपत्रं थोडीच लागतात. आधार कार्ड (नसेल तर आधार नोंदणीची पावती), सहा महिन्यांच्या आतला फोटो, सही किंवा अंगठा, पत्त्याचा पुरावा. खरं वजन उपचाराच्या कागदांना असतं. पहिल्या केसपेपरपासून आजपर्यंतच्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या, ॲडमिट केलं असेल तर डिस्चार्ज कार्ड, मानसशास्त्रीय चाचण्यांचे रिपोर्ट हे सगळं तारखेप्रमाणे लावा. जुने कागद फेकून दिले असतील तर उपचार घेतलेल्या डॉक्टरांकडे मागा. आपल्या उपचाराच्या नोंदी मागण्याचा हक्क मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने दिला आहे. खाजगी मनोविकारतज्ज्ञांचं पत्र पुरावा म्हणून उपयोगी पडतं, पण ते पत्र म्हणजे दाखला नव्हे. दाखला देण्याचा अधिकार शासनाने नेमलेल्या वैद्यकीय प्राधिकरणालाच आहे. आधारवरचं आणि केसपेपरवरचं नाव जुळतंय ना, तेही आधीच बघा. आमच्याकडे एका कागदावर आजोबांचं नाव वडिलांच्या जागी होतं.

अर्ज केंद्र शासनाच्या स्वावलंबन म्हणजेच यूडीआयडी (दिव्यांगांचं ओळखपत्र) पोर्टलवर ऑनलाइन करायचा. अर्जाला फी नाही, कॅफेत किंवा सेतूत गेलात तर स्कॅनिंग आणि भरण्याचे काय ते पैसे. मोबाइल नंबर मात्र घरातलाच द्या. कॅफेवाल्याचा दिलात तर प्रत्येक ओटीपीसाठी त्याच्या दारात उभं राहावं लागेल. नोंदणी क्रमांकाची प्रिंट जपून ठेवा.

तपासणीसाठी आपण राहतो त्या जिल्ह्यातलं रुग्णालय निवडता येतं, किंवा उपचार चालू आहेत तिथलं अधिकृत रुग्णालय. नाशिककरांसाठी मुख्य ठिकाण म्हणजे त्र्यंबक रोडवरचं जिल्हा रुग्णालय, आपलं सिव्हिल. सीबीएसला (मध्यवर्ती बसस्थानकाला) उतरलात की फार लांब नाही. सुरगाणा, पेठ, नांदगावकडच्या लोकांनी पोर्टलवरची तारीख आणि मानसोपचार विभागाचा वार फोनवर नक्की करूनच एसटीत बसावं. आजारी माणसाला घेऊन शंभर किलोमीटर येऊन परत जाणं काय असतं, हे ज्याचं त्यालाच माहीत.

आता सांगते ते कुणी कागदावर लिहून देत नाही. तपासणी आहे म्हणून "चार दिवस गोळ्या बंद ठेवा, म्हणजे टक्के वाढतील" असा सल्ला देणारे भेटतील. अजिबात ऐकू नका. गोळ्या तोडल्या की आजार उलटतो, आणि उलटलेला आजार पूर्वीच्या डोसवर आटोक्यात येईलच असं नाही. गोळ्या चालू असतानाही जे अडतं, तेच सांगायचं असतं. भास, संशय औषधांनी कमी होतात. उत्साह, बोलणं, पुढाकार मात्र अनेकदा परत येत नाही आणि घरचे त्याला आळस समजतात. मी दुसऱ्या खेपेला जाताना दोन आठवडे वहीत टिपून ठेवलं होतं: किती हाकांनी उठला, जेवण कुणी वाढलं, दुकानातून सुटे पैसे बरोबर आणले का. वाढवून काही लिहिलं नाही, लपवलंही नाही. वही डॉक्टरांनी स्वतः हातात घेऊन वाचली.

दाखला मंजूर झाला की कार्ड येतं: ४० टक्क्यांच्या आत पांढरं, ४० ते ८० ला पिवळं, त्यापुढे निळं. बहुतेक योजनांना ४० ची अट असते. तहसील कार्यालयातल्या संजय गांधी निराधार योजनेसाठी दिव्यांगांच्या कुटुंबाची वार्षिक उत्पन्न मर्यादा ५० हजार आहे. आयकराच्या जुन्या पद्धतीत ४० टक्क्यांपासून ७५ हजारांची आणि ८० टक्क्यांपासून सव्वा लाखाची वजावट मिळते. सरकारी नोकरीतल्या ४ टक्के आरक्षणात १ टक्का ज्या गटाला आहे, त्यात मानसिक आजारही येतो. पण प्रत्येक योजनेची पात्रता वेगळी असते, कार्ड दाखवलं की सगळी दारं उघडतात असं समजू नका.

निर्णय पटला नाही तर ९० दिवसांच्या आत अपील करता येतं. आणि दाखला काढलाच पाहिजे अशी सक्ती कुणावरच नाही. सिव्हिलच्या ओपीडीत मनाच्या आजारावर उपचार घ्यायला कार्ड लागत नाही, टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर बोलायलाही लागत नाही. बहिणीचं लग्न व्हायचंय म्हणून थांबलेली घरं मी पाहिली आहेत. त्यांना नावं ठेवायचा मला अधिकार नाही. गोळ्या मात्र लग्नासाठी थांबवू नयेत.

मानसिक आजाराचा दाखला बऱ्याचदा ठरावीक मुदतीचा असतो, मुदत संपली की पुन्हा तपासणी. भावाच्या दाखल्याची मुदत मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिली आहे, तीन महिने आधीच्या पानावर. शेजारी त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिलंय, "दाढी करायची नाही."