प्लेटलेट अ‍ॅग्रिगोमेट्री (बॉर्नची पद्धत)

रक्तातल्या प्लेटलेट्स एकमेकींना किती चिकटतात ते मोजायची ही लॅबमधली पद्धत. आपल्याकडे प्लेटलेट म्हटलं की डेंग्यू आणि काउंट एवढंच आठवतं, दीड लाखाच्या खाली गेला की घरात धावपळ आणि पपईच्या पानांचा रस, पण हार्टच्या दुखण्यात काउंट बहुतेकदा नॉर्मलच असतो, घोळ असतो तो चिकटण्याचा. कोरोनरी धमनीतला चरबीचा थर फुटला की तिथे प्लेटलेट्स येऊन बसतात, एकीवर एक थर चढतो, गुठळी होते, आणि रक्त अडलं की अटॅक.

गुठळीत प्लेटलेट्सचा हात असतो हे इटलीच्या बिझोझेरोने १८८२ मध्येच सांगितलं होतं. पण मोजायचं कसं? ते १९६२ मध्ये लंडनला गुस्ताव बॉर्नने सोडवलं (त्याच सुमारास जॉन ओब्रायननेही स्वतंत्रपणे). गुस्ताव म्हणजे फिजिक्सवाल्या मॅक्स बॉर्नचा मुलगा, नाझी आले तसं १९३३ मध्ये कुटुंब जर्मनीतून बाहेर पडलं, वडील तर रामन यांच्या बोलावण्यावरून काही महिने बंगलोरलाही होते. गुस्ताव डॉक्टर होऊन ब्रिटिश सैन्यात गेला, युद्धानंतर जपानमध्ये त्याने हिरोशिमातून वाचलेली माणसं रक्तस्रावाने मरताना पाहिली, रेडिएशनने बोनमॅरो गेल्यामुळे प्लेटलेट्सच बनत नव्हत्या. तिथून हा विषय त्याच्या डोक्यात बसला.

आयडिया इतकी साधी की आधी कुणाला कशी सुचली नाही असं वाटतं. सायट्रेटच्या (रक्त गोठू न देणारं रसायन) ट्यूबमध्ये रक्त घ्यायचं, मशीनमध्ये हळू फिरवायचं, लाल पेशी खाली बसतात आणि वर प्लेटलेट्सवाला पिवळसर गढूळ प्लाझ्मा राहतो, दिसायला पातळ पेजेसारखा. तो ३७ डिग्रीवर ठेवून आत बारीकसा स्टरर फिरवत आरपार लाइट सोडायचा. गढूळ आहे तोवर लाइट कमी जातो. मग एडीपीचे (प्लेटलेट्सना चिकटायला लावणारं शरीरातलंच एक रसायन) थेंब टाकले की काही सेकंदांत आत कण कण दिसायला लागतात, प्लाझ्मा निवळतो, पलीकडे लाइट वाढतो आणि कागदावर पेनची रेघ सरकते. एडीपी थोडंच असेल तर गोळे परत सुटतात आणि रेघ माघारी येते, हे बघण्यासारखं असतं. सँपल मात्र फ्रिजमध्ये ठेवायचं नाही, आणि तीन-चार तासांत टेस्ट उरकायची.

या रेघेवरच पुढे १९६० च्या दशकाअखेर कळलं की अ‍ॅस्पिरिन प्लेटलेट्सचं चिकटणं कमी करते. प्लेटलेटला न्यूक्लियस नसतो, त्यामुळे अ‍ॅस्पिरिनने एंझाइम बंद पाडलं की ती नवं बनवू शकत नाही, सात ते दहा दिवसांच्या तिच्या सगळ्या आयुष्यापुरती ती गेलीच. १९८८ च्या आयसिस-२ ट्रायलमध्ये अटॅकच्या १७,१८७ पेशंटांवर हे तपासलं, महिनाभर रोज १६२.५ मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन दिल्यावर हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजाराने होणारे मृत्यू २३ टक्क्यांनी घटले. स्टेंटनंतर देतात ती क्लोपिडोग्रेल एडीपीचाच रस्ता अडवते.

मग प्रत्येक स्टेंटवाल्याची ही टेस्ट करून डोस ठरवावा ना, असं वाटेल. तेही करून पाहिलं. २०११ च्या ग्रॅव्हिटास ट्रायलमध्ये झटपट टेस्टच्या मशीनवर ज्यांना गोळी कमी लागू होतेय असं दिसलं त्यातल्या निम्म्यांचा क्लोपिडोग्रेलचा डोस वाढवला, पण अटॅक काही कमी झाले नाहीत. म्हणून रोजच्या प्रॅक्टिसमध्ये ही टेस्ट सगळ्यांची करत नाहीत, जन्मजात रक्तस्रावाचे आजार शोधायला मात्र अजून तीच लागते.